उघडं दार आणि आकडी

"माझी आपी गेली हो! संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर मला निजवतील!"

लोसालिने दारातूनच ओरडली आणि सोसाइआचा भाजलेल्या अळकुडीचा घास घशात अडकला. खरं तर त्याला घसा नव्हता. गलबतावरच्या कुणालाच नव्हता. टोंगाहून निघताना अडीचशे जणांनी देह मागे ठेवले होते आणि नुसती मनं ताऱ्यांकडे निघाली होती. पण सवयी काही देहाबरोबर पुरता येत नाहीत, आणि सोसाइआची भूक तर मुळीच नाही.

अकानेसीबाईंनी चटई पुढे सरकवली. गलबतावर कुणाचं काही हरवलं की पावलं त्यांच्याच घराकडे वळत. सोसाइआ त्यांचा मदतनीस, अंगाने दांडगा आणि डोक्याने सावकाश.

"बस. पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

आपी म्हणजे गलबताच्या यंत्रातला आपल्या वाट्याचा तुकडा. घर, अंगण, विचार करायची ताकद, सगळं त्यातूनच मिळायचं. हक्काची खूण म्हणजे सालीचं नक्षीदार कापड. मध्यंतरी एक दगड गलबतावर आदळला आणि काही आप्या जळाल्या. ज्यांच्या गेल्या त्यांना आज संध्याकाळपासून मुक्काम येईपर्यंत निजवायचं, असं सभेनं ठरवलं होतं. निजलेल्यांतले किती उठतील, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. आज सभेत प्रत्येकाने आपलं कापड पसरायचं होतं. ज्याचं नाही, त्याची आपी बेवारस.

"काल ओसरीवर गाण्याची तालीम होती," लोसालिने सांगू लागली. "विलिसोनी न बोलावता टपकला. बायकांना कसलासा चावट किस्सा सांगत होता. मी ताट घेऊन आले, तर मेला मधेच गप्प! डोकं गरगरतंय म्हणाला आणि अंगणात पळाला. नंतर पाहते, तर खोलीतलं कापड गायब."

"विलिसोनीच!" सोसाइआने मांडीवर थाप मारली. "त्याने तिची आपी विकत मागितली होती. तिने चारचौघांत हाकललं त्याला."

"सोसाइआ, तुझं डोकं कधी गरगरतं का रे?"

"डोकं आहे कुठे आता, बाई?"

"तेच म्हणते मी."

लोसालिनेच्या निजायच्या खोलीला ओसरीवरून न दिसणारं मागचं दार होतं. ते कायम उघडंच असे. कापड ठेवायची बिनझाकणाची पेटी दारापासून दोन पावलांवर होती. बाई मात्र घराला वळसा घालून खिडकीखाली गेल्या. तिथे नीरफणस काढायची लांब आकडी टेकवलेली होती, आणि तिच्या टोकाला सालीचा धागा अडकला होता.

"बघा, आकडीने ओढलं!" सोसाइआ ओरडला. "काय पण डोकं लावलंय!"

"दोन पावलांवर उघडं दार असताना?"

सोसाइआने डोकं खाजवलं.

विलिसोनी त्यांना बघताच उसळला. "मी काल एकटाच मासे धरत होतो! इथे चेहरा शर्टासारखा बदलता येतो, बाई. कुणीतरी माझा पांघरला."

"लोसालिने आल्यावर किस्सा का थांबवलास?"

"मी आणि थांबवीन? अहो, सासूसमोर नाही थांबवला कधी!"

आप्यांची व्यवस्था बघणारा म्हातारा फाकाओसी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं टोंगाचं पेय, गाळत बसला होता. "बेवारस आपी माझ्या हाती येते, म्हणून माझ्यावर संशय होय? अगं, ती पेटी मीच तिच्या खोलीत नेऊन ठेवली. रोज तिथे बसून चहा पितो मी. न्यायचंच असतं, तर कधीच नेलं असतं."

"तिची आपी कुणाला जाईल, आजोबा?"

"रक्ताच्या वारसाला. म्हणजे तिच्या भावाच्या मुलीला. बापलेकीच्या दोन्ही आप्या जळाल्यात बिचाऱ्यांच्या."

भाऊ पेनिसिमानीला त्यांनी लोसालिनेच्याच घरी बोलावलं. ती आत होती, म्हणून तो अंगणातच उभा राहिला, पायरीलासुद्धा शिवला नाही. बाईच बाहेर गेल्या.

"मिसरूड फुटल्यापासून बहिणीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही मी," तो खाली बघत म्हणाला. "विचारा तिला."

आतून लोसालिने कडाडली, "त्याच्यावर संशय? शरम वाटू द्या! मी दिसले तरी तो वाट बदलतो!"

वयात आलेल्या भावाने बहिणीपासून लांब राहायचं, तिच्यासमोर जपून बोलायचं, हा टोंगाचा रिवाज, आणि सोसाइआला चार बहिणी होत्या. त्याने जोरजोरात मान हलवली. "बाई, हा सुटला. माझी पैज."

"पैज लावू नकोस, हरशील," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. ते चमकले की सोसाइआच्या अंगावर काटा यायचा, अंग नसलं तरी.

सभा भरली. कावा फिरला. विलिसोनीला मधे उभं केलं होतं आणि लोक त्याला शिव्या घालत होते. बहीण आत बसली होती, म्हणून पेनिसिमानी बाहेर गवतावर. बाई उठल्या.

"विलिसोनीला सोडा. चेहरा त्याचा होता, वागणं त्याचं नव्हतं. चोर मुद्दाम ओसरीवर बसला, कारण तो चेहरा सगळ्यांना दिसायला हवा होता. सोंग वठावं म्हणून चावट किस्साही काढला. मग लोसालिने आली आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. तिच्यासमोर असलं बोलायला कुणाची जीभ अडखळेल?"

सभेत कुजबुज सुरू झाली.

"आता आकडी. दार उघडं, पेटी दोन पावलांवर. विलिसोनी सरळ आत घुसला असता. आजोबा तर रोजच जातात. पकडलं जायची भीती नव्हती, चेहरा परक्याचा होता. तरी त्याने खिडकीतून आकडी घातली. का? कारण गलबतावर एकच माणूस असा आहे, ज्याला त्या खोलीत पाय टाकता येत नाही. कुणी बघत नसलं, तरीसुद्धा."

सोसाइआच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याला एकदम वाईट वाटलं. सगळ्यांच्या माना गवताकडे वळल्या.

पेनिसिमानीने सदऱ्यातून कापड काढलं. ते बहिणीच्या हाती देण्याचं धैर्य त्याला झालं नाही. त्याने ते सोसाइआकडे दिलं.

"माझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "पोर अजून लहान आहे. निजली आणि उठलीच नाही तर?"

"अरे, मागायचं होतंस!" लोसालिने रडत ओरडली.

"बहिणीला द्यायचं असतं, ताई. तिच्याकडे मागतात का कधी?"

फाकाओसी खाकरला. "चेहरा चोरणाऱ्याला निजवावं, असा नियम आहे. मात्र ज्याचा चेहरा, त्याची तक्रार हवी."

"तक्रार कसली करतोय मी," विलिसोनी गुरगुरला. "किस्सा तेवढा पुरा करायचा होतास रे. माझी इभ्रत घालवलीस."

सभा हसली. लोसालिनेने डोळे पुसले आणि कापड सगळ्यांसमोर पसरलं.

"आपी माझी. तिच्यात किती जणांनी राहायचं, हे मी ठरवणार."

"तसा नियम आड येत नाही," फाकाओसी म्हणाला. "पण पोरी, एका आपीत तिघं म्हणजे तिघंही तिपटीने मंद. तू एक वाक्य बोलेपर्यंत आमची तीन व्हायची."

"मग तुम्ही जरा दम धरा."

"आणि एका घरात भाऊ-बहीण?" सोसाइआच्या तोंडून निघून गेलं. "ते कसं जमायचं?"

लोसालिनेने बाहेर गवताकडे पाहिलं नाही. रिवाज होता.

"पोर माझ्याजवळ निजेल," ती म्हणाली. "बाप अंगणात राहील."