बोटीच्या ट्रॉलीचं चाक

लाइट येईस्तवर यंत्रमाग काय चालू व्हत न्हाईत. बसा हितंच. माढ्याच्या सिद्धाप्पाचं सांगतो. माझ्या बहिणीच्या घराशेजारी त्याचं गॅरेज हाय. त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय मला.

गेल्या साली, वीस नोव्हेंबर. गुरुवार, आन् अमावस्या. सिद्धाप्पा बेअरिंग आणायला सोलापुरात आल्ता. बेअरिंगं, सील, ग्रीसचा डबा घिऊन सांच्या यष्टीनं माघारी गेला. गॅरेजम्होरं पृथ्वीराज शेटची बोटीची ट्रॉली उभी व्हती. शेटची उजनीच्या पाण्यावर मासेमारी. ट्रॉली लई जुनी. रस्त्यानं पळून चाक तापतं, तसंच पाण्यात घालत्यात. मग चाकाच्या मधल्या हबात पाणी शिरतं आन् बेअरिंग गंजतं.

"मग आदीच का न्हाय बदललं, तात्याबा?"

तेच तर. पावसाळ्यात सिद्धाप्पानं ते चाक खोललं व्हतं. "बेअरिंग गेलंय," म्हणाला. शेट म्हणाला, "ग्रीस भर आन् बशीव. एवढं साल निघंल." यानं बशिवलं.

आठ दिसांत पूर आला. शेरडं सोडवायला गेलेली केराबाई पाण्यात अडकली. हिरव्या बांगड्यांच्या हातांनी बाभळीला धरून बसली व्हती. शेटची बोट ट्रॉलीवर निघाली, आन् वाटंतच ते चाक जाम झालं. पोरांनी बोट खांद्यावर घितली, पळाली. पोचली तवर बाभळ व्हती. केराबाई न्हवती.

कागदावर लिवलं, पुरात वाहून गेली. चाकाचं कुणी बोललं न्हाय. शेट न्हाय. सिद्धाप्पा बी न्हाय.

तवापासनं ट्रॉली कोरड्यातच उभी. आता शेटला परत मासं धरायचं व्हतं.

साडेसात वाजलं व्हतं. सिद्धाप्पा एकलाच. जॅक लावला, चाक उतरवलं. हबाची टोपी काढली, तर पाणी आलं. गढूळ. वाटीभर आसंल. त्यानं फडकं लावलं. पाणी थांबंना. फडकं भिजलं, पाय भिजलं... तीन म्हैने कोरड्यात उभी ट्रॉली, बरं का.

मग थांबलं. एकदम.

मागनं बाईचा आवाज आला. हळू. "बदलतूस का रं बेअरिंग?"

त्यानं मागं बगितलं न्हाय. "व्हय, आक्का... बदलतोय."



मग... "आता?"

एवढंच. रागानं न्हाय म्हणाली. राग आस्ता तर बरं झालं आस्तं, म्हणतो त्यो.

 त्यानं आस पुसला, म्हंजे चाक बसतं त्यो दांडा. नवं बेअरिंग घातलं. हब चढवला. नट आवळला, त्यो सुटू नये म्हणून पिन मारून वाकवली. चाक फिरवून बगितलं. आवाज न्हाय. मग पळाला घराकडं.

सकाळी शेट आला. खाली वाकला, आन् तसाच ऱ्हायला.

हबाच्या मागं, आसावर, काचंची बांगडी व्हती. हिरवी. आख्खी. तडा बी न्हाय. आसावर बांगडी घालायची तर हब काढायलाच पायजे. आन् पिन... सिद्धाप्पानं रातीला वाकवली तशीच व्हती.