ओतून दिलेलं पाणी

रोज सकाळी दिवा लावून ज्या तोंडानं मी देवाचं नाव घेते, त्याच तोंडानं हे सांगते आहे. यात पदरचं काही नाही.

पटलं तर पटलं. नाही पटलं तरी माझी तक्रार नाही. तेव्हाही कुणाला पटलं नव्हतं.

साल १९५६. मार्गशीर्षातली एकादशी. मुलुंड.

तेव्हाचं मुलुंड म्हणजे स्टेशन, थोड्या चाळी, काही बंगले आणि लगेच डोंगर. डोंगरापलीकडे जंगलात तलाव. मुंबईला पाणी पुरवणारा. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लोक अजून ते पाणी पितात.

मी चौदा वर्षांची होते. माझी मावसबहीण प्रेमा माझ्याच वर्गात. मावशी कुडाळकडे एकटी राहायची, म्हणून प्रेमाला शिकायला आमच्याकडे ठेवलेलं. आम्ही एका अंथरुणात झोपायचो आणि एका फणीवरून भांडायचो. प्रेमा वर्गाची मॉनिटर. मोठेपणी नर्स व्हायचं, हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं.

सहल काढली ती आमच्या सुहासिनीबाईंनी. विषय, जंगल आणि पिण्याचं शुद्ध पाणी. झाडं पावसाला कशी धरून ठेवतात, तलाव कसा भरतो, आपल्या नळाला पाणी येतं कुठून, ते मुलींनी डोळ्यांनी बघावं असं त्यांना वाटे. बाई हुशार होत्या. ते मी नाकारत नाही.

आमच्या चाळीत नळ येऊन वर्षही झालं नव्हतं. तोवर आम्ही सगळे विहिरीचंच पाणी पीत होतो.

बाईसुद्धा.

त्या दिवशी माझी निर्जळी होती. आई विषमज्वरातून उठली तेव्हा मी तसा नेम धरला होता. दुसऱ्या दिवशी पारणं होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. डोंगर चढताना प्रेमानं मला सोडलं नाही.

"माले, चक्कर येऊन पडलीस तर मी उचलायची नाही हां. विठोबाला सांग पाठुंगळीला घ्यायला."

"मी नाही पडत."

"पड गं एकदा. मी नर्स, तू पेशंट. तेवढाच माझा सराव."

माझ्याखेरीज प्रत्येकीच्या हातात फिरकीच्या झाकणाचा तांब्या. त्यात घरून उकळून, गाळून आणलेलं पाणी. बाईंचा तसा हुकूमच होता.

तलावाच्या काठी बाईंनी शिकवलं. मग म्हणाल्या, "न गाळलेलं, न उकळलेलं पाणी..."

"प्यायचं नाही," आम्ही सगळ्या ओरडलो.

मी विचारलं, "बाई, तलाव बांधायच्या आधी इथं काय होतं?"

"काही नाही. रान होतं."

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. सगळ्यांचे तांबे रिकामे झाले होते. प्रेमाच्या तांब्यात अर्धं पाणी होतं. खालच्या वर्गातल्या मुली बरोबर होत्या, त्यांच्यासाठी तिनं राखून ठेवलेलं.

एका वळणावर मला काहीतरी खटकलं...

पाखरं गप्प झाली होती.

पुढे झाडीत एक घर दिसलं. जाताना ते कुणाला दिसलं नव्हतं. शेणानं सारवलेलं अंगण. चुलीचा धूर नाही. कुत्रं नाही. कोंबडी नाही.

दारात एक बाई उभी होती. हातात मातीचं मडकं, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. पायांना चिखल...

पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

"लांबून आल्यात पोरी," ती म्हणाली. "बसा वाईच. गूळपाणी घ्या."

मी सगळ्यांच्या पुढे होते. तिनं मडकं माझ्यापुढे धरलं. त्यातून गारवा येत होता. मी मडक्याला हात लावून नमस्कार केला.

"मावशी, आज एकादशी. माझी निर्जळी आहे."

ती हसली. "मग उद्या ये."

तिनं मडकं प्रेमाच्या हातात दिलं. प्रेमा ते तोंडाला लावणार, तेवढ्यात सुहासिनीबाई मागून आल्या.

"थांब. कुठलं पाणी हे?"

"इहिरीचं. ग्वाड हाय."

"आणि विहीर कुठे आहे?"

त्या बाईनं हात वर केला... आणि तलावाकडे दाखवलं.

मुली फिसकन हसल्या. वेडी असेल, असं वाटलं त्यांना. सुहासिनीबाई हसल्या नाहीत. शिकवण्याची संधी त्या कधी सोडत नसत.

"आत्ता काय शिकलो आपण? प्रेमा, ओत ते."

प्रेमा घुटमळली. "बाई, परत देऊ का त्यांना?"

"परत दिलंस तर ती आणखी कुणाला तरी पाजेल. मॉनिटर आहेस ना? ओत."

प्रेमानं मडकं तिरपं केलं.

सुक्या मातीवर पाणी पडल्याचा तो आवाज... बद् बद् बद्... जरा जास्तच वेळ येत राहिला. एवढ्याशा मडक्यात एवढं पाणी मावणार नाही.

आणि जमीन ओली झाली नाही.

त्या बाईनं रिकामं मडकं परत घेतलं. शिवी नाही, शाप नाही. एवढंच म्हणाली, "तलाव चालतो तुमाला. त्येच्या खालची इहीर नाय चालत."

मग मडकं कमरेवर घेऊन ती उताराला लागली. तलावाच्या दिशेनं.

बाई म्हणाल्या, "चला, रांग करा."

थोडं पुढे गेल्यावर एक लहान मुलगी पाण्यासाठी रडायला लागली. प्रेमानं आपला तांब्या काढला. फिरकी उघडली... आत काही नव्हतं. सांडलेलं नव्हतं. तांब्या आतून कोरडा होता. उन्हात ठेवल्यासारखा.

"गळका दिसतो," प्रेमा म्हणाली. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्या आल्या तिनं पाणी मागितलं. आईनं माठातून भांडं भरून दिलं. मी बघत होते. भांडं काठोकाठ भरलेलं. प्रेमानं ते ओठाला लावलं, मान मागे टाकली...

आणि भांडं खाली घेतलं.

"मावशी, यात पाणी कुठाय?"

आईनं दुसरं दिलं. मग तिसरं. फरशीवर थेंब नाही. प्रेमाच्या ओठांना ओल नाही. प्रत्येक वेळी ती मान मागे टाकायची, आणि खालून कुठून तरी आवाज यायचा...

बद् बद् बद्.

आमच्या घरात शहाबादी फरशी होती. माती नव्हती.

"तुमच्याकडची सगळीच भांडी गळकी," प्रेमा हसून म्हणाली. त्या दिवशी ती हसू शकत होती.

बाबा कुर्ल्याला एका कचेरीत होते. ते म्हणाले, "परीक्षा जवळ आली की या मुलींना असलं सुचतं. लक्ष देऊ नका."

दुसऱ्या दिवशी दूध दिलं, ताक दिलं. तेच. पेज भरवली, तर तोंडात कोरडं पीठ राहिलं. तिच्या ओठांना भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी दंडात सुई घालून बाटलीतलं पाणी चढवायला लावलं. बाटली रिकामी झाली. दुसरी लावली. तीही झाली. डॉक्टर तिच्या जिभेला बोट लावून बघत राहिले.

"जातंय कुठे हे?" ते स्वतःशीच म्हणाले. बाबांना म्हणाले, "घरी न्या."

मी बाबांना सगळं सांगितलं. त्या बाईनं मला 'उद्या ये' म्हटलं होतं, हेही सांगितलं. मग त्यांनी प्रेमाचा तांब्या घेतला, आईनं खण, नारळ आणि गुळाचा खडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं डोंगर चढलो.

ते वळण सापडलं. घर नव्हतं. अंगणाची जागाही नव्हती. करवंदीची जाळी होती, जुनी, दाट.

तलावावर खाकी कपड्यातला रखवालदार विडी ओढत बसला होता. "इथं मनाई आहे," तो खेकसला. "तुम्ही लोक पाणी घाण करता."

"इथं एक बाई राहते. तिचं घर..."

"घर कुठलं आलंय इथं? गाव होतं म्हणतात पूर्वी. ते खाली गेलं." विडीच्या हातानं त्यानं पाण्याकडे दाखवलं. "चला, निघा."

बाबांनी त्याचे हात धरले. माझे बाबा कधी कुणापुढे वाकले नव्हते. रखवालदार पाठ फिरवून उभा राहिला.

मी काठावर बसले. खण-नारळ ठेवला. गूळ ठेवला. ओंजळ पुढे केली.

"मावशी, मी आले. पाणी द्या. प्रेमासाठी द्या."

पाणी हललं नाही.

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. घसा बसेपर्यंत म्हटलं. ओंजळ तशीच राहिली.

शेवटी बाबा पुढे झाले आणि त्यांनी तलावातून तांब्या भरून घेतला. फिरकी घट्ट लावली. उतरताना तांब्यात पाणी डुचमळत होतं. घराच्या पायरीवरसुद्धा डुचमळत होतं. माझ्या मनात आशा आली. खोटं कशाला सांगू.

प्रेमानं डोळे उघडले. तिचा आवाज वाळल्या पानांच्या सळसळीसारखा झाला होता.

"कुणी दिलं?"

"कुणी कशाला द्यायला हवं?" बाबा म्हणाले. "भरून आणलं मी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे घेतलंत," ती म्हणाली.

बाबांनी फिरकी उघडली. तांब्या तिच्या ओठाला लावला...

बद् बद् बद्.

तिसऱ्या प्रहरी तिला घरघर लागली. आमच्या देवघरात गंगेचा गडू होता. तांब्याचा, तोंड डाग देऊन बंद केलेला. प्रत्येक घरात असतो, शेवटच्या वेळी उघडायला. आजोबांनी काशीहून आणलेला. आईनं तो स्वतःसाठी राखला होता. तिनं तो माझ्या हातात दिला, आणि आत पाणी हलल्याचं मला हाताला कळलं. बाबांनी डाग फोडला. वर तुळशीचं पान ठेवलं. आईनं गडू प्रेमाच्या ओठांवर तिरपा केला.

तुळशीचं पान पडलं.

पाणी पडलं नाही.

आवाज मात्र आला. या वेळी तो प्रेमानंही ऐकला असावा. तिनं माझं मनगट धरलं.

"मी परत देणार होते गो, माले," ती म्हणाली.

एवढंच. चौदा वर्षांची पोर. घशात गंगेचा थेंबसुद्धा न पडता गेली. मावशी कुडाळहून पोचली तेव्हा तिला दाखवायला काही उरलं नव्हतं.

मी देवाला दोष देत नाही. लोक म्हणाले, तुझ्या नेमानं तुला वाचवलं. मला ते ऐकवत नाही. असं वाचणं मी मागितलं नव्हतं. आणि ज्यांनी 'ओत' म्हटलं, त्यांचा तर कसलाच नेम नव्हता.

दहाव्यानंतर सुहासिनीबाई भेटायला आल्या. ऊन होतं. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं. आईनं दिलं.

मी दाराशी उभी होते. मी वाट बघत होते. कसली, ते देवाला ठाऊक.

बाई ते भांडं पूर्ण प्यायल्या. खाली ठेवलं तेव्हा तळाशी दोन थेंब राहिलेले मला दिसले.

"मी किती जीव तोडून सांगते मुलींना," त्या म्हणाल्या. "नजर चुकवून कुठेतरी नको ते पाणी प्यायली असणार."

आई उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी सहल नेली. त्याच तलावावर. मॉनिटर आता जयंती होती, आमच्या समोरच्या चाळीतली. मी तिला आदल्या दिवशी सांगायला गेले, तर तिची आई म्हणाली, "वनमाला, आमच्या पोरीच्या डोक्यात भरवू नकोस काही."

मी गेले नाही सहलीला. दिवसभर दारात उभी होते.

दिवेलागणीला मुली परत आल्या. हसत, खिदळत. जयंती माझ्या दाराशी थांबली. तिच्या कपाळावर घाम होता.

"थोडं पाणी देतेस गं?" ती म्हणाली. "किती वेळ झाला, घसा नुसता कोरडा पडलाय..."

मी भांडं भरून आणलं. तिच्या हातात देताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी डोळे मिटले आणि कान देऊन उभी राहिले.

तिच्या घशाचा आवाज आला. गटागटा प्याली ती. प्याली, आणि घरी गेली.

तेव्हापासून कुणी घरी आलं की मी पाणी देते आणि तिथून हलत नाही. नातवंडं हसतात, आजी पाहुण्यांच्या तोंडाकडे काय बघत बसते म्हणून. पहिला घोट उतरल्याचं ऐकू येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.