कुठवर आले, बाबा?

नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस होता. या दिवसांत भर दुपारी जबलपूरच्या रस्त्यावर दिसतात ती एक तर कुत्री, नाहीतर कूलर दुरुस्त करणारी माणसं. पुंडलिक बोरकुटे तीस वर्षं तेच काम करत होता. गढा भागातल्या आपल्या घरासमोर त्यानं स्कूटरला वाळ्याच्या ताट्या बांधल्या, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली. त्याची बायको नर्मदा दारात आली.

"कांदा ठेवला खिशात? लू चालून राहिली."

"ठेवला."

"आजच काय?"

"त्याचाच फोन होता. म्हणे, कूलर लय आवाज करून राहिला."

नर्मदा म्हणाली, "होऊन जाऊ द्या," आणि आत वळली.

दोन उन्हाळे पुंडलिक या फोनची वाट पाहत होता. महाराजपुरातल्या त्या कॉलनीत प्रत्येक फाटकावर, प्रत्येक विजेच्या खांबावर त्यानं आपल्या नंबराचे कागद चिकटवले होते. कधीतरी तिथं राहणाऱ्या अनुपमचा कूलर बिघडणारच होता. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कोणी ना कोणी मरतं. एक तार सैल राहिली, पत्र्याला लागली, ओल्या हातानं कोणी शिवलं, की संपलं. पेपरात दोन ओळी येतात आणि कोणी कोर्टात जात नाही.

कोर्टात पुंडलिक आणि नर्मदा पाच वर्षं गेले होते. समृद्धी, त्यांची एकुलती मुलगी, अशाच मे महिन्यात क्लासवरून निघून चौकात बापाची वाट पाहत उभी होती. तिनं फोन केला होता, "बाबा, कुठवर आले?" पुंडलिक तेव्हा ओमती भागात एका दुकानाच्या कूलरचा पंप बसवत होता. "दहा मिनिटं, बेटा," तो म्हणाला. त्याला पाऊण तास लागला. तोवर अनुपमची गाडी फुटपाथवर चढून गेली होती. पुढे कागदांवर गाडी दुसराच कोणी चालवत होता, डोळ्यांनी पाहिलेले दोघे साक्षीदार उलटले, आणि संशयाचा फायदा मिळून अनुपम सुटला. त्या पाच वर्षांत बाकावर बसलेल्या या नवराबायकोकडे त्यानं एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

म्हणूनच आज दार उघडल्यावरही त्यानं पुंडलिकला ओळखलं नाही.

पुंडलिकलाही त्याला ओळखायला वेळ लागला. तिशीचा तो माणूस पन्नाशीचा दिसत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, त्यातून पिवळट उजेड गाळून यावा तसा येत होता. ओल्या वाळ्याचा गारठलेला वास सगळ्या घरात साचला होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी, बरेच दिवस न उघडलेल्या डब्यासारखा.

"वो रहा भैया," अनुपमनं लांबूनच बोट दाखवलं. "तीसरा कूलर है. सब में यही होता है. बंद करो तो भी."

तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. पुंडलिकनं मेन स्विच पाडला, मागची ताटी काढली, आत हात घातला. हवी ती तार त्यानं शोधली आणि पाना लावून ती सैल करायला घेतली. इतक्यात समोरचं पंख्याचं पातं हळूहळू फिरायला लागलं.

वीज बंद होती. वारा नव्हता.

पात्याच्या फरफरीतून तुकड्यातुकड्यानं आवाज आला. लहान असताना समृद्धी, त्यांची समू, कूलरला तोंड लावून बोलायची, तेव्हा तिचा आवाज असाच कापत, तुटत बाहेर यायचा.

"बा… बा… कुठ… वर… आ… ले…"

पुंडलिकच्या हातातला पाना टाकीच्या पाण्यात पडला.

"सुना?" अनुपम पायरीवरून कुजबुजला. "मराठी है ना ये? आप तो मराठी हो… ये क्या बोलती है, भैया? दो साल से यही बोलती है. जिस दिन फैसला आया उस दिन से. होटल में रहा, मामा के यहाँ सतना गया, वहाँ पंखे में से बोली. बीवी चली गई. बस इतना बता दो, क्या बोलती है."

पातं फिरत होतं. बा… बा…

"पूछ रही है," पुंडलिक म्हणाला, "बाबा, कहाँ तक आए."

"कौन बाबा?"

पुंडलिकनं हात स्वतःच्या छातीवर ठेवला. अनुपमनं आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तो पायरीवरून घसरत खाली आला आणि त्यानं पुंडलिकचे पाय धरले.

"गाड़ी मैं ही चला रहा था," तो म्हणाला. "ले जाइए इसको… आपकी है, घर ले जाइए."

हे एक वाक्य ऐकायला पुंडलिकनं पाच वर्षं चपला झिजवल्या होत्या. आता ते ऐकून त्याला काहीच वाटलं नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. ती कूलरमध्ये नव्हती. ती या माणसापाशी होती. हा मेला, तर ती कुठं जाणार?

पाण्यातून पाना काढून त्यानं तार पुन्हा घट्ट बसवली. दोनदा तपासली.

घरी आल्यावर त्यानं नर्मदाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. इतकंच म्हणाली, "आपल्या घरी काहून नाही आली ते?"

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्याच्यामागे स्कूटरवर बसली. त्या घरात शिरली, कूलरसमोर मांडी घालून बसली आणि आवाज आल्यावर पदर तोंडात कोंबून ऐकत राहिली. "आलो ना, बेटा. हे पाह्य, बाबा आले, मी आली," ती सांगायची. आवाज तेच विचारत राहायचा. जणू तिचं बोलणं पलीकडे पोचतच नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. अनुपम खंगत चालला तशी नर्मदा त्याला जेवू घालू लागली. वरण-भात कालवून पुढे ठेवायची. त्यानं एकदा बॅग भरली, तेव्हा ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तू कहीं नहीं जाएगा," ती शांतपणे म्हणाली. "खाना खा. जीना है तुझे."

पुंडलिकला त्या वेळी आपल्या बायकोची भीती वाटली.

पाऊस लागला, कॉलनीतले कूलर झाकले गेले, तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. श्रावणातल्या एका दुपारी आवाज आलाच नाही. पातं मात्र फिरत होतं. नर्मदा पुढे वाकली. बऱ्याच वेळानं समूचा आवाज आला. या वेळी तो तुटत नव्हता, आणि मराठीत बोलत नव्हता. ती बाहेर, मैत्रिणींशी बोलायची तसं हिंदी होतं.

"भैया… ये दोनों कौन हैं? रोज़ आते हैं."

पात्याकडे नेलेला नर्मदाचा हात हवेतच राहिला.

"कोई नहीं," उत्तर आलं. "चले जाएँगे."

"अच्छा," समू म्हणाली.

उत्तराचा आवाज अनुपमचा होता. पण तो पंख्याच्या पात्यामागून आला होता. पुंडलिकनं वळून पाहिलं. अनुपम पायरीवर बसला होता, मांडीवर ताट, हाताला भात लागलेला, आणि भीतीनं डोळे विस्फारलेले. तो मान हलवत होता. मी नाही, मी नाही, असे त्याचे ओठ हलले. घशातून काहीच बाहेर पडलं नाही.

त्यानंतर अनुपम बोललेला नाही. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दोष नाही. दुपारी कूलरमधून मात्र दोघं बोलत असतात, हळू आवाजात, एखाद्या घरातल्या माणसांसारखे. पुंडलिकनं तिथं जाणं सोडलं. नर्मदानं सोडलं नाही. ती एकटीच ऑटोनं जाते, संध्याकाळी परत येते, आणि हल्ली फारसं बोलत नाही.

काल ती आली तेव्हा घामानं भिजली होती. पुंडलिकनं विचारलं, "कशी आहे समू?"

नर्मदानं त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज उमटला नाही. मग ओंजळ ओठांशी नेऊन तिनं खुणेनंच पाणी मागितलं.