बंधाऱ्यावरची रेघ

पांढरी गाडी आमच्या वस्तीवरून सरळ नदीकडं निघाली, तेव्हा मी ओट्यावर बसून सरपंचबाईंच्या ब्लाउजला हुक लावत होते. ब्लाउज तसाच टाकून पळाले. पळताना हुकांची डबी लाथेनं उडाली, तिकडं बघायला वेळ नव्हता.

"थांबा! ओ… थांबा!"

गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभी राहिले तेव्हा कुठं ती थांबली. काच खाली झाली. आतून एक बाई इंग्रजीत म्हणाली, "गो स्ट्रेट." मी वाकून पाहिलं. गाडीत बाई नव्हती. पंचविशी-सव्विशीचा एक मुलगा होता, अगदी एकटा.

"कोण बोलतंय?"

"हे…" त्यानं काचेला चिकटवलेल्या, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या यंत्राकडं बोट केलं. "हे रस्ता सांगतं. उपग्रहावरून."

"मग त्या बाईला सांगा, पुढं रस्ता न्हाई. पुढं भीमा हाय."

"पण यात दाखवतंय. नदी ओलांडली की चार किलोमीटरवर डांबरी लागतो."

"कुठं निघालाय?"

"शिरूरहून दौंडला."

"आन् गाव कुठलं तुमचं?"

तो जरा घुटमळला. "दौंडच."

मला हसू आवरेना. "सवताच्या घरी जायचा रस्ता बाईला इचारताय व्हय?"

त्याचे कान लाल झाले. गोरा नव्हता, तरी दिसले.

मांडवगण फराट्याची आमची वस्ती नदीकडची शेवटची. आमच्या घरापुढं तीन बाभळी, उतार, आणि मग बंधारा. बंधाऱ्यावरून उन्हाळ्यात माणसं पलीकडं जातात, मोटरसायकली जातात, फार तर एखादी बैलगाडी. कठडे नाहीत. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊ साली, आमच्याकडं आभाळ कोरडंच होतं, पण वर धरणातून पाणी सोडलेलं. नदी लालभडक होऊन चालली होती.

तो खाली उतरला आणि माझ्याबरोबर काठापर्यंत आला. बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिला. घाबरलाय, असं मला वाटलं. घाबरलेलं माणूस मागं सरतं. हा मात्र एक पाऊल पुढं गेला आणि बंधाऱ्याकडं असा बघू लागला, जणू त्याला कुणी शिवी दिली होती.

"तुमची चौथी गाडी," मी म्हणाले. "ज्या गाढवानं हितं रस्ता दाखवलाय ना, त्याला एकदा आणून उभा केला पायजे या पाण्यात."

तो पाण्याकडून मागं वळला. मग हळूच म्हणाला, "पाणी मिळेल का प्यायला?"

पाणी दिलं. आईनं चहाही दिला. नाव जयसिंग. वडील दौंडला रेल्वेत, घर रेल्वे कॉलनीत, नोकरी पुण्यात. मी त्याला सांगितलं, असंच मागं न्हावऱ्याला जा, तिथून पारगावच्या पुलावरून चौफुल्याला निघाल, पुढं दौंड.

"ध्यानात राहील? का लिहून देऊ?"

"लिहून द्या," तो लगेच म्हणाला.

हाताला लागला तो कागद घेऊन मागच्या बाजूला रस्ता लिहून दिला. त्यानं तो उलटा धरून मोठ्यानं वाचला, "बाही नऊ. गळा गोल…" आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे गोल कुठून वळायचं?"

या वेळी कान माझे लाल झाले असणार. कागद हिसकावून सुलटा करून त्याच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकलवरून आला. यंत्र नव्हतं.

"रस्ता पाठ झालाय का, बघायला आलो."

"मग? झाला?"

"एकदा येऊन पाठ होत नाही," तो म्हणाला. "दोन-तीनदा यावं लागेल."

खिशातून त्यानं हुकांची नवी डबी काढली. "त्या दिवशी माझ्यामुळं सांडली होती ना तुमची."

इतक्या घाईत, एवढ्या पाण्याच्या भीतीत याला माझी डबी दिसली होती… मी डबी घेतली आणि आत जाऊन उगाचच बॉबिन भरत बसले.

आबांशी त्याचं चांगलं जमलं. माझे वडील, मल्हारी आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. आता आमची शेतीच, पण पुण्याच्या खालचा सगळा घाट त्यांच्या पायांना पाठ. जयसिंगच्या आजोबांचीही मेंढरं होती, पाटसच्या बाजूला वस्ती होती, हे निघालं तेव्हा तर आबांनी त्याला जेवायलाच बसवलं. तो वहीत पाणवठ्यांची नावं लिहून घेत होता.

"आबा, तुम्ही कधी चुकला नाही का?"

"चुकायचो की. मंग इचारायचो कुनालातरी. मेंढरामागं माणसाला गप बसून चालतंय व्हय?"

मी विचारलं, "पुण्यात काय काम करता तुम्ही?"

"कॉम्प्युटरवर. रेघा ओढायच्या."

घरांचे, इमारतींचे नकाशे काढत असेल, असं मी धरून चालले. त्यानंही तसंच चालू दिलं.

तिसऱ्या रविवारी आला तेव्हा मात्र तो वेगळाच वाटला. आल्या आल्या बंधाऱ्याकडं गेला. परत येऊन विचारलं, "या आठवड्यात किती आल्या गाड्या?"

"तीन. एक तर लग्नाचं वऱ्हाड. नवरदेव पुढं बसलेला."

मी पत्र्याच्या तुकड्यावर 'पुढे रस्ता नाही' असं रंगवून बाभळीला टांगलं होतं, तरी लोक वाद घालायचे. एक साहेब मला म्हणाले होते, "बाई, हे अमेरिकेच्या उपग्रहावरून येतं, तुमच्या पत्र्यावरून नाही." हे मी जयसिंगला हसत सांगितलं. तो हसला नाही.

"नदीकडं वळायच्या फाट्यावर मोठे दगड टाकून रस्ता बंद केला तर?"

"आन् आमच्या बैलगाड्या कुठनं जात्याल?"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले… पण आई पाणी घेऊन आली आणि त्यानं पेला तोंडाला लावला. जाताना गाडीला किक मारून पुन्हा बंद केली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा किक मारली. मला वाटलं, त्याला दुसरंच काही सांगायचंय. खरं सांगते, त्या रात्री मी त्या दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत झोपले.

गुरुवारी दुपारी मी अस्तराचं कापड आणायला मांडवगणात गेले होते. परत येताना आरडाओरडा ऐकू आला.

एक जीप बंधाऱ्यावर चढली होती. तीस-चाळीस फूट आत जाऊन पुढचं चाक कडेवरून सुटलं होतं, आणि नाक पाण्याकडं करून जीप तशीच अडकलेली. वरून वीतभर पाणी जोरात वाहत होतं. आत पुण्याचा ड्रायव्हर, सविता नावाची एक बाई आणि तिची म्हातारी आई तुळजाबाई. मायलेकी शिरूरहून दौंडच्या दवाखान्यात निघाल्या होत्या, म्हातारीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. आमच्या शेजारचा मच्छिंद्र ट्रॅक्टर आणायला पळाला होता. आबा विहिरीवरचा दोर घेऊन उभे होते.

"ट्रॅक्टर येईस्तवर गाडी ऱ्हायची न्हाई," आबा म्हणाले.

दोर मी माझ्या कमरेला बांधला. आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि दुसरं टोक बाभळीला वेढा देऊन धरलं. बंधाऱ्यावरून मी शाळेपासून जात आले होते. कुठला दगड वर आलाय, कुठं सिमेंट उडालंय, ते पायाला माहीत होतं. तरी पाणी घोट्याला असं ओढत होतं की प्रत्येक पाऊल टेकल्याशिवाय दुसरं उचलायचा धीर होईना. आधी सविता आली, माझ्या दोराला धरून. मग ड्रायव्हर. तुळजाबाईंना दिसतच नव्हतं. त्या सीटला धरून बसलेल्या, सोडेचनात.

"आज्जी, माझ्या गळ्यात हात टाका."

"तू कोण गं?"

"हितलीच हाय. पूनम."

त्यांनी हात टाकला. उतरताना जीप हलली आणि त्यांचं मनगट दारात सापडलं. ती किंकाळी मला आजही ऐकू येते. पण आम्ही काठाला पोचलो. मच्छिंद्रचा ट्रॅक्टर आला आणि संध्याकाळपर्यंत जीपही निघाली. जीपच्या काचेला ते यंत्र तसंच चिकटलेलं होतं.

रविवारी जयसिंग आला. मी त्याला सगळं सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यानं कौतुकानं बघावं, असं वाटत होतं. त्याचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला.

"पूनम, ती रेघ मी ओढलीय."

"कुठली रेघ?"

"नकाशातली. आमची कंपनी त्या यंत्रांचे नकाशे बनवते. वरून काढलेल्या फोटोत नदीवर सरळ पट्टा दिसला, मला पूल वाटला. मी रस्ता काढला. इथं येऊन कुणी बघितलं नाही… मीही नाही. त्या दिवशी माझ्याच नकाशावर विश्वास ठेवून आलो होतो."

मला आधी समजलंच नाही. मग एकदम समजलं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापास्नं म्हाईत होतं?"

"सोमवारीच ऑफिसात सांगितलं मी. ते म्हणाले, नवी आवृत्ती सहा महिन्यांनी. तेव्हा दुरुस्त होईल."

"ऑफिसला सांगितलं. मला न्हाई सांगितलं."

"तुम्ही गाढव म्हणाला होतात…" तो खाली बघत म्हणाला. "नंतर रोज वाटायचं सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर इथं पुन्हा येता येणार नाही."

"दगड टाकू म्हणालात तवा कारण सांगितलं असतं, तर आबांनी त्याच दिवशी फाटा बंद केला असता. बैलगाड्या गेल्या असत्या चुलीत! त्या म्हातारीचा हात मोडला, जयसिंग. मी पाण्यात उतरले."

पहिल्यांदाच मी त्याला नावानं हाक मारली, आणि ती अशी.

"जावा तुम्ही," म्हणाले.

तो गेला. मी मशीनवर बसले आणि एक सरळ शिलाई तीनदा उसवली.

मंगळवारी मच्छिंद्र सांगत आला, "पूनम, तुझा तो दौंडवाला फाट्यावर बसलाय. कालपास्नं. गाड्या परत पाठवतोय."

"माझा कुठला?"

"बरं, आमचा," म्हणून तो हसत निघून गेला.

मी गेले नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी आईनं भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "चूक केली आसंल त्यानं. पर पाच दिवस वडापाव खातोय. जा."

फाट्यावर तो दगडावर बसला होता. उन्हानं काळवंडलेला, दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला. मी फडकं दगडावर ठेवलं आणि जरा लांब बसले.

"नोकरी?"

"आठ दिवसांची रजा टाकलीय. दुरुस्ती आता निघणार. ज्यांनी ज्यांनी यंत्र घेतलंय त्या सगळ्यांना सीडी जाईल, पुढच्या आठवड्यात. सोमवारी सकाळीच साहेबांच्या दारात उभा राहिलो, तुळजाबाईंचं सांगितलं, माझ्या नावानं चूक लिहून दिली. आता बढती नाही."

"आन् तुळजाबाई?"

"रविवारी इथून निघालो तो सरळ दवाखान्यात गेलो. खरं काय ते सांगितलं. चांगल्या हातानं दोन थपडा मारल्या." त्यानं गालाला हात लावला. "मग म्हणाल्या, संत्रं सोल. चार सोलली."

मला हसायचं नव्हतं. तरी हसले.

"पाटबंधारेवाले उद्या दोन लोखंडी खांब रोवणार आहेत. मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा आणि गुडघाभर दगड; बैलगाडीचा आस वरून निघेल, चारचाकी अडेल. बैलगाडीचं माप आबांकडूनच घेतलं. मच्छिंद्रला पाठवून."

"आबा मला बोलले न्हाईत."

"मीच नको म्हणालो होतो."

"बघा. परत लपवलं."

तो गडबडला. "नाही, म्हणजे… हो. शेवटचं."

भाकरी तोडून तो खाऊ लागला. एक टेम्पो आला. तोंडात घास असताना उठून त्यानं तो परत पाठवला. परत येऊन बसला तो माझ्यापासून हातभर अंतरावर.

"उद्या खांब लागले की इथं माझं काही काम उरत नाही," तो म्हणाला. "रजाही संपते. तर… आजच विचारतो. मी येत राहिलो तर चालेल का? कामाशिवाय?"

"कशाला?"

"तुमच्यासाठी." एवढंच म्हणाला. भाकरीकडं बघत म्हणाला, पण सरळ म्हणाला.

वारा सुटला होता. उसाची पानं वाजत होती. पाण्यात उतरताना माझं काळीज असं उडालं नव्हतं.

"माझ्याकडं बघून म्हणा."

त्यानं बघितलं. "पूनम, मला तुमच्याशी लग्न करायचंय."

"मी रागावले तर सांगाल? खरं काय ते?"

"तुम्ही रागावाल हे माहीत असताना सांगेन."

"मग व्हय," मी म्हणाले. "पर आधी आबांना सांगायचं. लग्नाचं नंतर. रेघेचं आधी."

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आबांसमोर बसला. मी दाराच्या आत उभी. त्यानं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. आबा तंबाखू मळत होते. मळणं थांबलं.

"किती दिस लपवलंस?"

"बावीस."

"लई झालं."

"हो, आबा."

आबांनी मळलेली तंबाखू तशीच हातात धरून नदीच्या दिशेला पाहिलं. ज्या दोरानं त्यांनी मला धरलं होतं, त्याचे वळ त्यांच्या तळहातावर अजून होते. ते जयसिंगलाही दिसत होते. तो मान खाली घालून बसला, पण उठला नाही.

"आन् आता काय म्हणनं हाय तुझं?" शेवटी आबांनी विचारलं.

जयसिंगनं सांगितलं. आबांनी मान न वळवता हाक दिली, "पूनम, तुला इचारलं का यानं?"

"इचारलं."

"काय म्हणलीस?"

"व्हय म्हणले."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. "मंग आई-वडलांना घिऊन ये म्हणावं रविवारी," ते आईकडं बघून म्हणाले, जणू जयसिंग तिथं नव्हताच. "आन् च्या टाक त्याला."

आईनं घाईघाईत चहा केला आणि साखर टाकायची विसरली. आबांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. जयसिंगनं मात्र माझ्याकडं बघत सगळा चहा संपवला, आणि म्हणाला, छान झालाय, अजून अर्धा कप मिळेल का?