किसनरावांच्या पाइपात भाकरी

हे जानेफळचं आहे, आणि भर सकाळचं. अश्विनीच्या हळदीचा दिवस. अंगणात साठ पाहुणे, आणि तिच्या आईच्या, झुंबरबाईच्या स्वयंपाकघरातला नळ आठ दिवसांपासून काही बंद होईना. आटाच गेलेला. सिंकखाली कॉक असता तर तेवढाच नळ बंद झाला असता. नव्हता, म्हणून दुरुस्तीसाठी सगळ्या घराचं पाणी तोडावं लागलं. आता नवरीच्या हळदीचं पाणी शेजाऱ्यांच्या दारात मागायचं? झुंबरबाईला ते मरणाहून वाईट.

पाइप तांब्याचे. नवरा किसनराव फ्रिज दुरुस्त करायचे, त्यांनी स्वतः घातलेले. पुढच्या दातांत फट, तोंडात कायम लवंग, हसरा माणूस. "कॉक मीच बसवीन, दुसऱ्यानं हात लावायचा नाही," म्हणत बारा वर्षं "उद्या, उद्या" केलं आणि तीन वर्षांपूर्वी गेले.

दीपक नळवाल्यानं टाकी रिकामी केली, पाइप कापला, घासून पेस्ट लावली, कॉक चढवला, डाग द्यायची गॅसची टॉर्च पेटवली. पण तांबं तापेना. कथील सांध्यात न शिरता गोळ्या होऊन खाली पडायला लागलं.

"मावशी, आतून थेंब येऊन राह्यला. थेंब असला की कथलाचा डाग बसत नाही."

"टाकी तं कोरडी हाय बे!"

"तेच तं..." दीपकचा आवाज खाली गेला. त्यानं कॉक उतरवला. "पाहा..."

कापलेल्या तोंडातून एक थेंब आला. थांबला. मग दुसरा. आत कोणी सावकाश श्वास घ्यावा तसा आवाज. आणि वास... लवंगेचा. अंगणातली गाणी एकदम लांब गेल्यासारखी झाली.

"भाकर द्या, मावशी. बोळा कोंबतो. थेंब आडते, मंग पाण्यानं विरघळून नळातून निघून जाते."

भाकर म्हटल्यावर झुंबरबाईच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ हसू. न्याहारी झाल्याशिवाय किसनरावांनी कधी पान्याला हात लावला नव्हता!

ती पाइपासमोर फतकल मारून बसली.

"अवो, पोरीची हळद हाय. बारा वर्षं मले झुलवलं, आता याले बी काम करू देत नाही? घ्या. खा, अन् सोडा!"

तिनंच बोळा कोंबला. रागारागात मागून आख्खी हिरवी मिरचीही सारली.

"मिरची काऊन?"

"त्याइले लागते."

थेंब थांबला. ज्योत लावताच कथील सर्रकन आत ओढलं गेलं. दोन्ही सांध्यांवर जोडव्यासारखं लखलखीत कडं.

टाकी भरली, पाणी सोडलं. पाइप गुरगुरला, आणि अशी लांब ढेकर निघाली की अंगणापर्यंत गेली.

"आमचा किसन जेवला वाटते!" नणंद रुक्मिणीबाई तिथूनच ओरडली. मांडव हसला. पाटावरची अश्विनी हसता हसता रडली.

झुंबरबाईनं कॉक फिरवला. आठ दिवसांचा वाहता नळ गप्प. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. लेकरासारखी हसत होती.

भाकरीचा चोथा धरायला दीपकनं नळाखाली चाळणी ठेवली होती. चोथा नव्हता. कणही नाही. फक्त मिरचीचं देठ.

देठावर दातांचे ठसे होते. दोन दात, मधे फट.