येतो म्हण

दुपारचे तीन वाजत आले होते. लेक आतल्या खोलीत झोपली होती, आणि ती एका साध्याच कामाला बसली होती: नवऱ्याचा लॅपटॉप सुरू करायला. तो जाऊन चार महिने झाले. लेकीचे सगळे व्हिडिओ, आणि त्यांतला त्याचा आवाज, याच डबड्यात होते. फोन तर अपघातात त्याच्याबरोबरच चिरडला.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर तीच ओळ उमटली: डिस्क उघडण्यासाठी पासवर्ड द्या. खाली बारीक अक्षरांत, एक प्रयत्न शिल्लक.

दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, "ताई, दहा वेळा चुकलं की आतलं सगळं गेलं. याला मागचं दार नसतं."

नऊ तिने उधळले होते. लेकीचा वाढदिवस, लाडाचं नाव, लग्नाची तारीखसुद्धा! जी त्याला उभ्या जन्मात आठवली नाही, ती तो कुलपाला लावेल? पण घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते, आणि तिची तर बाळंतपणापासून सुटलेलीच नव्हती.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"वहिनी, राहू दे गं. बंद आहे तोवर दादा आत आहे, असं तरी म्हणता येतं."

"आणि उद्या हिनं विचारलं, बाबा कसे बोलायचे? मी काय नक्कल करून दाखवू?"

"तुझी नक्कल? घाबरेल ती..." नणंद हसली, आणि हसता हसता रडली. फोन ठेवला गेला.

कसा बोलायचा तो? मग तिला ती शेवटची सकाळ आठवली. दारातून तो "जातो" म्हणाला होता. ती खेकसली होती, "जातो काय? येतो म्हण!"

तर हा म्हणे, "दिवसातून दहादा तेच तर टाइप करतो, बाई."

तिने इंग्रजी कळांवर 'येतो' दाबलं. चार अक्षरं, चार ठिपके. बोट एंटरपाशी जाऊन अडखळलं. तिने हात मांडीवर घेतले.

पाचवा ठिपका उमटला.

सहावा... सातवा... थांबत थांबत, एका बोटाने टाइप करावं तसे. मग एंटरची कळ आपसूक खाली गेली.

डिस्क उघडली.

भीतीपेक्षा हाव मोठी. तिने पहिला व्हिडिओ लावला. लेक खिदळत होती, मागून तिचा स्वतःचा आवाज येत होता. त्याचे मात्र नुसते ओठ हलत होते. तिने आवाज पूर्ण वाढवला, दुसरा लावला. त्यात लेकीचं खिदळणंही नव्हतं. तिसऱ्यात ती स्वतः एकटीच बोलत होती, दोन मुक्या चेहऱ्यांशी...

घड्याळात साडेचार झाले होते. एवढा वेळ लेक कधीच झोपत नसे.

ती आत धावली. लेक पलंगाचा कठडा धरून उभी होती. चेहरा लालबुंद, गाल ओले, तोंड सताड उघडं. केव्हापासून रडत होती, कोण जाणे. तिने तिला छातीशी धरलं. इवलं अंग हुंदक्यांनी हादरत होतं.

खोलीत आवाज होता तो फक्त घड्याळाचा.