घुंगराची किल्ली

"आहे का कुणी?"

आईचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच वर्षांची असेन. तळेगावात आम्ही भाड्याची खोली बदलत होतो. कुलूप निघालं, दार उघडलं, आणि आत पाऊल टाकण्याआधी आईनं उंबऱ्यावरूनच त्या रिकाम्या खोलीला हाक मारली. मग मान तिरकी करून ऐकत राहिली. आत कुणीच नव्हतं. पण तिचाच आवाज भिंतींना लागून परत आला, जरा जाडसर होऊन... आई हसली. "ओ दिली बघ घरानं. राहू या इथं."

त्यानंतर आम्ही आणखी सहा खोल्या बदलल्या. कधी मालकाच्या मुलाचं लग्न निघालं, कधी मालकच बदलला. सामान बांधताना आई रडायची नाही, गुणगुणायची—

रिकाम्या घराला गं, हाक मारिते दारात
भिंतीनं ओ दिली, मग पाऊल घरात

आजही ती त्या सातव्या खोलीतच राहते. म्हणून असेल, कॉलेज संपल्यावर मी घरं विकायचं काम धरलं तेव्हा तिनं फार विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "प्रेरणा, गिऱ्हाईक नेण्याआधी एकदा हाक मारून बघत जा."

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत शैलाताईंचं ऑफिस. शैलाताई तीस वर्षं या धंद्यात आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत एक घर वीक. एकच. नाही जमलं तर तुझी वाट वेगळी, माझी वेगळी. राग मानायचा नाही."

आणि दिलं ते घर, जे ऑफिसात कुणालाच नको होतं. जवळच्या औंढे गावातलं हौशीराम आबांचं घर. तीन खोल्या, वर कौलं, मागं टेकडीचा चढ. आबांचे गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी ते इंदुरीला लेकीकडे राहायला गेले होते. आता घर विकून तिथंच दोन खोल्या बांधायच्या, असं त्यांच्या मनात होतं.

"किल्ली शेजारच्या सोपानकडे असते," शैलाताई म्हणाल्या. "माणूस बरा आहे. बोलतो मात्र तिरका."

मे महिन्यातल्या एका रविवारची दुपार होती. स्कूटी झाडाखाली लावली तर घराचं दार आधीच उघडं. आत शुकशुकाट. मी उंबऱ्यावर थांबले, ओढणी सारखी केली, इकडंतिकडं कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि हाक मारली—

"आहे का कुणी?"

"हाय की," घर म्हणालं.

मी दोन पावलं मागं सरले. पुन्हा वरून आवाज आला, "भिऊ नका. घर न्हाई बोललं, मी बोललो."

वर पाहिलं तर कौलांच्या फटीतून एक चेहरा डोकावत होता. घामानं निथळणारा, आणि हसू दाबून धरलेला.

"तुम्ही कोण?"

"सोपान. कौलं चाळतोय. पण तुमी मोकळ्या घराला हाका का मारताय?"

"घर ओ देतं का बघत होते."

"मग? दिली?"

"दिली. पण वरून दिली."

तो हसला, आणि कौलावरची मूठभर धूळ माझ्या केसांत पडली. शिडीवरून घाईनं खाली आला. धूळ झाडायला हात उचलला, अर्ध्यातच थांबवला आणि मग तोच हात स्वतःच्या डोक्याला लावून मला दाखवत राहिला— इथं... न्हाई, जरा अलीकडं... व्हय, तितं.

"आबा तर इंदुरीला आहेत," मी केस झटकत म्हटलं. "मग तुम्ही कशाला कौलं चाळता?"

"पाऊस तोंडावर आलाय. मालक इंदुरीला गेलाय, ते कौलांना कुटं ठावं."

त्या दिवशी परतताना करवंदं विकणाऱ्या बाया वाटेत भेटल्या, मी द्रोणभर घेतली. लोणावळा स्टेशनवर स्कूटी लावून तळेगावच्या गाडीत बसेपर्यंत ती संपली. ते वाक्य मात्र संपेना.

किल्लीला एक पितळी घुंगरू बांधलेलं होतं. आबांच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातलं. सोपान ती किल्ली खुंटीवरून काढायचा तेव्हा ते वाजायचं आणि मी पुढं केलेल्या हातावर ठेवताना पुन्हा एकदा. तो तळेगावजवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असायचा. चारला घरी यायचा. मी गिऱ्हाइकांना साडेचारनंतरचीच वेळ देऊ लागले. उजेड छान असतो म्हणायचे.

जुलैत पुण्याचं एक जोडपं आलं. ओटी आवडली, स्वयंपाकघराची खिडकी आवडली. मागची खोली उघडली आणि आम्ही सगळे थबकलो. फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. गढूळ नाही, काचेसारखं स्वच्छ. बारीक बुडबुडे सोडत, आपल्याच नादात.

"हे काय?" बाईंनी मला विचारलं.

मला काय माहीत. मी उन्हाळ्यात फोटो काढले होते, कोरड्या खोलीचे.

"उपळ फुटलाय," दारातून सोपान म्हणाला. "डोंगरात मुरलेलं पाणी हितं जमिनीतनं वर येतं. पावसाचं दोन-अडीच म्हयनं चालायचं."

जोडपं फार सभ्य होतं. चहा घेऊन गेलं, ते गेलंच.

"तुम्हाला जरा गप्प बसता आलं नसतं?" मी विचारलं.

"खोटं बोलू?"

"खोटं नको. पण एवढं खरं?"

"कमी खरं कसं बोलत्यात ते शिकवा. मी येतो शिकायला."

माझा राग मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत टिकला. पुढं स्कूटी आणि मी दोघीच हसत होतो.

पुढच्या गिऱ्हाइकाला मीच फोनवर उपळाचं सांगितलं. त्यानं आभार मानले आणि पुन्हा कधी फोन उचलला नाही. तिसऱ्यांनी येऊन पाहिलं, चपला न काढताच परतले. शैलाताई म्हणाल्या, "अगं, तू घर विकतेस का घराचं दुखणं सांगत फिरतेस?"

तरी मी जात राहिले. खोली पुसायला, नवे फोटो काढायला. कधी कारण नसलं तर वाटेत शोधायचे. किल्ली घ्यायची, चहा घ्यायचा, त्यांच्या पडवीत बसून पाऊस बघायचा. सोपान फार बोलायचा नाही. पण कपाचा कान न चुकता माझ्याकडं करून चहा ठेवायचा.

त्याची आई, कस्तुराबाई, एकदा म्हणाली, "किल्ली न्यायला एवढा येळ लागतो व्हय गं? आमच्या येळंला लगीन लागून जेवणावळ उठायची एवढ्यात."

भाताची आवणी चालली होती त्या दिवसांत एकदा मी त्यांच्या बांधावर उभी होते, चिखलात उतरू का नको करत. बाया वाकून रोपं लावत होत्या. कस्तुराबाईनं मान वर न करताच सूर धरला—

आवणीच्या चिखलात, पाय रुतलं रुतलं
ल्योकाचं गं माझ्या, डोळं वाटंला गुतलं

सगळ्या बाया एकदम हसल्या. सोपाननं मान आणखी खाली घातली आणि एक अख्खी ओळ वाकडी लावली. मी ढगांकडं बघू लागले. ढगांत काहीच नव्हतं बघण्यासारखं.

गणपती आले, गेले. दसऱ्याला तीन आठवडे उरले आणि माझ्या हातात एकही गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवशी किल्ली परत करताना मी सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंतची मुदत, शैलाताई, आईची सातवी खोली... आधी कधी बोलले नव्हते. घर विकणाऱ्या मुलीला स्वतःचं घर नाही, हे सांगायला लाज वाटायची.

तो किल्ली खुंटीला लावायला वळला, तशीच हातात घेऊन परत आला. मग म्हणाला, "दसऱ्यानंतर किल्ली न्यायला कोण येणार?"

"दुसरं कुणीतरी. किंवा कुणीच नाही."

घुंगरू त्याच्या बोटांत वाजलं. त्यानं ते मुठीत घट्ट धरलं, आवाज बंद होईपर्यंत.

पुढच्या रविवारी गेले तर घराच्या मागं, चढाच्या पायथ्याशी, लांबलचक चर खणलेला. कमरेइतका खोल. डोंगराचं पाणी त्यातून खळखळत बाजूच्या ओढ्याकडं चाललं होतं. सोपान कुदळीवर रेलून उभा. तळहातांना फोड आलेले.

"हे काय केलंत?"

"पाणी वळवून बघितलं," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

चार दिवसांत मागची खोली कोरडी झाली. बाहेर पाऊस पडत होता तरीही. मला वाटलं, देवानंच याला बुद्धी दिली. मी त्याचे आभार मानले. ते आभार त्याला काटा लागावा तसे लागले, एवढं मला दिसलं... कारण कळलं नाही.

त्याच आठवड्यात तळेगावचे गंगाधर सर आणि त्यांच्या बाई आल्या. सर शाळेतून निवृत्त झालेले. दोघांना आता शांत जागा हवी होती. मी सगळं सांगितलं. उपळाचं, चराचं. "दर ज्येष्ठात हा चर साफ करावा लागेल. बुजू दिलात तर पाणी आत येईल."

"आणि तो साफ कोण करणार?" बाईंनी विचारलं. "यांना तर पाठीचा पट्टा आहे."

"मी," सोपान म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "किती वर्षं?"

"तुमी ऱ्हाल तवर."

बाईंनी मागची खोली पुन्हा एकदा पाहिली, भिंतीवर हात फिरवला. मग सरांना म्हणाल्या, "माझी तुळस त्या खिडकीखाली राहील."

दसऱ्याच्या तीन दिवस आधी वडगावला साठेखत झालं. आबा लेकीचा हात धरून आले होते. शैलाताईंनी ऑफिसात पेढे वाटले आणि माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी ठेवली. आईला फोन केला तर तिनं आधी घराला खोल्या किती ते विचारलं. मग म्हणाली, "हाक मारली होतीस ना?"

उरली होती फक्त किल्ली. ती घेऊन सरांना द्यायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साडेचारला मी औंढ्याला गेले. खाचरांत इंद्रायणी भात फुलोऱ्यावर आला होता, सगळ्या शिवाराला त्याचा वास. घराचं दार उघडं होतं. मी उंबऱ्यावर उभी राहिले. निरोपाची हाक कशी मारतात, हे आईनं शिकवलं नव्हतं. तीच जुनी मारली.

"आहे का कुणी?"

"हाय," मागच्या खोलीतून आवाज आला. आज त्यात 'की' नव्हता.

मी आत गेले. सोपान कोरड्या फरशीवर उभा होता. किल्ली हातात. मी हात पुढं केला. त्यानं दिली नाही.

"आधी एक ऐका. मग न्या." तो म्हणाला. "तो चर मी नवा खणला न्हाई. जुनाच उकरला. आबा दरसाल उकरायचे. ते गेले, दोन वर्सांत बुजला. चर साफ असला तर ह्या खोलीत थेंब येत न्हाई. हे मला पहिल्या दिसापासनं ठावं होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"व्हय. गिऱ्हाइकाला उपळाचं खरं सांगायचो. चराचं सांगायचो न्हाई."

"का?"

"घर इकलं असतं, तर तुमी किल्ली मागायला आला नसता."

बाहेर चरातलं पाणी वाहत होतं. मला त्या पुण्याच्या बाई आठवल्या. शैलाताईंचं बोलणं आठवलं. दिवस दिवस बसून केलेले फोन आठवले.

"माझी नोकरी जाणार होती, सोपान."

"त्या दिशी तुमी सांगितलं तवा उमगलं. तवर मला वाटायचं, आज न्हाई तर उद्या इकंल... काय बिघडतंय. सकाळी उठून कुदळ घेतली. पर लय उशीर केला." त्याचा आवाज खाली गेला. "आबांना काल इंदुरीला जाऊन सांगितलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या, मग इचारलं, पोरगी कुणाची हाय. म्हटलं, आधी तिला सांगतो. तुमी बी शिव्या द्या. चालंल."

मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या रागाखालून काहीतरी स्वच्छ, थंड वर येत होतं, सांध्यासांध्यांतून, आणि त्याला वळवायला माझ्याजवळ चर नव्हता.

तो समोर येऊन थांबला. घुंगरू वाजवत किल्ली माझ्यासमोर धरली. "घ्या."

मी ती घेतली. मग पर्स उघडली, आतल्या कप्प्यात हात घातला, आणि दुसरी एक किल्ली काढून त्याच्या फोड सुकलेल्या तळहातावर ठेवली. नवी, चकचकीत. याच कुलपाची.

तो ती उलटीपालटी करत राहिला. "ही कुटनं आली?"

"शैलाताईंनी जूनमध्येच करून दिली होती," मी म्हटलं. "दर वेळी पर्समध्येच असायची. पण हिला घुंगरू नव्हतं... आणि ही तुमच्या हातून घ्यावी लागत नव्हती."